जावयाच्या मेसेजमधलं विशेषण

मुलगी नॉर्वेतून आम्हाला साड्यांचे फोटो दाखवत होती. आम्ही दोघं नवराबायको आंजीला, आमच्या गावी, घरामागच्या वांग्यांच्या वावरात, धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसून एका फोनमध्ये डोकं घालून पाहत होतो. तिनं तिची स्क्रीन आम्हाला दिसेल अशी करून ठेवली होती. मी हिरव्या साडीचा काठ जवळून पाहत असताना वरून एक पट्टी खाली सरकली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा मेसेज होता. इंग्रजी लिपीत तीनच शब्द, मी वाचले ते असे: ग्लाड इ डेग. तिनं झटक्यात बोटानं तो वर सारला आणि म्हणाली, "आई, ही जांभळी पाहा."

पण यांनी तो वाचला होता. यांची नजर अशी, की धुऱ्यावर उभं राहून कोणत्या वांग्याला अळी लागली ते सांगतील. फोन बंद झाल्यावर त्यांनी ते तीन शब्द भाषांतराच्या ॲपमध्ये घातले. ॲपनं सांगितलं, 'तुझ्यात आनंदी'.

"हे काय हाय?" त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "याच्यात प्रेम कुठी हाय?"

"असंल काही त्यांच्यातलं. तुमी काऊन तोंड पाडून राह्यले?"

"मी एकच गोष्ट विचारली होती पोरीले. बाकी जात नाई विचारली, पैसा नाई विचारला. पोराचा जीव हाय का तुह्यावर, येवढंच. ती हो म्हणे. अन् हा लिहून राह्यला का मी खूश हाय. खूश तर मी बी हाय, वांग्याले भाव भेटला का."

मी हसले, पण त्यांना हसू आलं नाही. मुलगी इतक्या लांब राहणार, आपल्याला न कळणाऱ्या भाषेत संसार करणार. तिथे तिच्यावर जीव टाकणारं माणूस आहे की नाही, एवढंच त्यांना पाहिजे होतं आणि तेवढंच कळायला मार्ग नव्हता. दोन दिवस ते जेवतानाही फोन काढून तेच तीन शब्द पाहत होते. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तू भाषेची मास्तरीण ना? मंग पाह्य काय ते."

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. विशेषणाचे प्रकार इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले, की झोपेतही सांगेन. पण आपल्या घरातलं लग्न एखाद्या विशेषणापाशी येऊन थांबेल असं कधी वाटलं नव्हतं. मी त्या संध्याकाळीच मुलीला फोन केला.

ती आधी खळखळून हसली. मग म्हणाली, "मी सांगितलं तर बाबांना वाटेल मी बाजू घेते. रविवारी त्यालाच विचार."

रविवारी तो फोनच्या पडद्यावर आमच्या समोर बसला. लालसर दाढी, कपाळावर आठी, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. तो इंग्रजीत बोलत होता, मधे अडलं की मुलगी मराठीत सांगत होती. यांनी सरळच विचारलं, "ह्या शब्दाचा अर्थ काय?"

त्यानं खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, की पहिली गोष्ट, तो शब्द ग्लाड नाही. शेवटचा 'ड' लिहायचा, बोलायचा नाही. ग्ला. ग्ला ई दाय. नुसता ग्ला म्हणजे आनंदी, हे ॲपचं बरोबर. पण त्याच्यापुढे 'ई' आला, म्हणजे आपला 'मध्ये', की अर्थ पालटतो. मग तो आनंद राहत नाही, माया होते. प्रेम करणे याला त्यांच्याकडे वेगळं क्रियापद आहे, एल्स्कर. पण तो शब्द फार मोठा. त्याच्या गावाकडची माणसं तो तोंडातून काढायला लाजतात.

"माझी आई डॅनिश होती," तो म्हणाला. "ती शेवटी दवाखान्यात होती तेव्हा बाबा रोज संध्याकाळी घरी निघताना दारात थांबून तिला एवढंच म्हणायचे. ग्ला ई दाय. ती तिच्या डॅनिश जिभेनं तोच शब्द परत म्हणायची. बाबांनी तिला एल्स्कर म्हटलेलं मी आयुष्यात ऐकलं नाही. आणि ते तिच्यावर किती प्रेम करत होते हे मला कुणी सांगायला नको."

मुलगी हे मराठीत सांगता सांगता मधेच थांबली. मी यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वावराकडे वळवली होती.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी यांना म्हणाले, "अवो, आपण काय म्हणतो? त्याचा तिच्यात जीव आहे. तिच्यात. 'त' प्रत्यय. सप्तमी. मध्ये. तेच तर हे."

 "तिच्यात जीव हाय," त्यांनी सावकाश म्हणून पाहिलं. मग फोनकडे वळून मुलीला म्हणाले, "त्याले सांग, लग्नाले बापाले संगं घेऊन येजो. एकटं नोको ठेवू त्यायले तिकडं." आणि मला म्हणाले, "चहा मांड."

त्या दिवसापासून मला त्या भाषेचं वेडच लागलं. दुसरा शब्द नाही वापरता येणार. मी मधल्या सुट्टीत फोनवर नॉर्वेजियन शब्दकोश उघडून बसायची. डबा उघडाच राहायचा. माझ्या बाजूला बसणाऱ्या गणिताच्या मॅडम म्हणायच्या, "लग्न पोरीचं हाय का तुमचं?"

पण काय सांगू, एकेक गोष्ट सापडत होती आणि मला हर्ष आवरत नव्हता. नॉर्वेजियनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. डॅनिशमध्ये पहिली दोन एकात मिसळून गेली आहेत, नपुंसकलिंग मात्र वेगळं टिकून आहे. आणि मूल म्हणजे 'बार्न', ते नपुंसकलिंगी. आपलंही ते मूल. घर म्हणजे 'हूस', तेही नपुंसकलिंगी, आपलंही ते घर. इतक्या लांबच्या, बर्फातल्या लोकांनी मुलाला आणि घराला त्याच खान्यात टाकलं ज्यात आम्ही टाकलं. योगायोग असेल, मला माहीत आहे. तरी मी हे यांना सांगायला स्वयंपाकघरातून वावरापर्यंत चालत गेले होते.

विशेषणंही नामाप्रमाणे बदलतात. आपल्याकडे चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. त्यांच्याकडे नपुंसकलिंगी नाम आलं की विशेषणाला शेवटी 'त' लागतो. मोठा म्हणजे स्तूर, पण मोठं घर म्हणजे स्तूर्त हूस. चांगला या विशेषणाचा त्यांचा उच्चार मात्र गू, तो मराठी घरात चारचौघांत करण्यासारखा नाही. मी तो एकदा मोठ्यानं म्हटला आणि हे हातातली वांग्यांची पाटी खाली ठेवून हसत सुटले. "लग्नात पाव्हण्यायपुढं तो शब्द काढजो नोको," म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते असे हसले होते.

आणि आपलं विशेषण? ग्ला? ते हट्टी निघालं. आनंदी मुलगा, आनंदी मुलगी, आनंदी मूल, तिन्ही ठिकाणी ग्ला ते ग्ला. नपुंसकलिंगाचा 'त' ते लावूनच घेत नाही. नॉर्वेजियनमध्येही नाही आणि डॅनिशमध्येही नाही. आपलं 'खूश' जसं. तो खूश, ती खूश, ते खूश. आपण त्याला अविकारी विशेषण म्हणतो. मी जावयाला विचारलं, असं का? त्यालाही माहीत नव्हतं. मग मीच शोधलं, की 'त' लावला तर उच्चार होईल ग्लात्त, आणि ग्लात्त म्हणजे त्यांच्याकडे निसरडं, गुळगुळीत. आनंदी मूल म्हणायला जावं आणि निसरडं मूल व्हावं.

"म्हणून लावत नसतील," मी त्याला म्हणाले.

"व्याकरणकार असं कारण देत नाहीत, आई," तो म्हणाला. "पण मी आता हे कधीच विसरणार नाही."

तो मला आई म्हणाला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

अनेकवचनात मात्र हे विशेषण बदलतं. शेवटी 'ए' लागतो, ग्लादे. म्हणजे आपल्या 'खूश'इतकं पक्कं अविकारी ते नाहीच. एकटं असताना कुणापुढे वाकत नाही, चार माणसांत वाकतं. असली माणसं आमच्या नात्यात बरीच आहेत.

निसरड्याच्या त्या भानगडीमुळे मी शब्दाच्या मुळाशी गेले. शब्दकोशात लिहिलं होतं की हजारभर वर्षांपूर्वीच्या जुन्या नॉर्स भाषेत तो ग्लाध्र असा होता. त्याचा अर्थ आनंदी, आणि त्यासोबत उजळ, चकाकणारा. त्याच्याही मागे गेलं तर गुळगुळीत, म्हणून चमकणारा. निसरडा तो ग्लात्तही त्याच कुळातला, शेजारच्या जर्मन बोलीतून फिरून आलेला. आधी वस्तू चकाकत होती, मग चेहरा चकाकू लागला, आणि मग चेहऱ्यामागचं मन. मी हे वाचलं, छान वाटलं, आणि पत्रिका छापायच्या गडबडीत विसरून गेले.

पत्रिका वर्ध्याला छापायला टाकली होती. प्रूफ तपासायला मीच गेले, दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. छापखान्यात मशीनचा खडखडाट चालू होता. मी कागद हातात घेतला आणि पहिल्याच ओळीवर अडकले. श्री गणेश प्रसन्न.

प्रसन्न. संस्कृतात प्रसन्न म्हणजे आधी काय? स्वच्छ, नितळ. गढूळपणा खाली बसलेलं पाणी प्रसन्न. मग नितळ आकाश प्रसन्न, मग चेहरा प्रसन्न, मग देव प्रसन्न. आम्हीही तोच रस्ता चाललो होतो. त्यांनी चकाकण्यावरून आनंद घडवला, आम्ही नितळण्यावरून. मी हे वर्गात शिकवलेलं होतं, पण ते असं पुढ्यात येऊन कधी उभं राहिलं नव्हतं. मी त्या ओळीवर बोट ठेवून तशीच उभी राहिले.

छापखानेवाले दादा म्हणाले, "मॅडम, चूक निघाली का?"

"नाही," मी म्हणाले. "एकदम बरोबर आहे."

पहिली पत्रिका आम्ही केळझरच्या गणपतीपुढे ठेवली. तिथे पायऱ्या चढताना मी यांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळलं नाही, पण वर पोचल्यावर म्हणाले, "म्हणजे देवाच्या नावापुढं बी त्याचाच भाऊबंद शब्द हाय म्हण."

"भाऊबंद नाही. मूळ वेगळं आहे. चाल सारखी आहे."

"येकाच वाटेनं चालले, म्हणजे भाऊबंदच," ते म्हणाले. मी वाद घातला नाही.

लग्नाच्या आठवडाभर आधी मुलगी, जावई आणि व्याही नागपूरला उतरले. मी विमानतळासाठी दोन वाक्यं पाठ केली होती. व्याही बाहेर आले, एवढे उंच की मला मान वर करावी लागली, आणि माझी दोन्ही वाक्यं गेली. मी नुसती हात जोडून उभी राहिले. त्यांनीही हात जोडले. ते तिकडे पश्चिम किनाऱ्यावर डोंगराच्या उतारावर बटाटे लावतात आणि मेंढ्या पाळतात. इंग्रजी थोडं येतं, पण बोलायला संकोचतात. गाडीत आंजीपर्यंत ते खिडकीबाहेर कपाशी पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तर दोघे व्याही वावरात. हे वऱ्हाडीत बोलत होते, ते नॉर्वेजियनमध्ये. यांनी वांग्याचा वाळलेला शेंडा मोडून आतली अळी दाखवली. व्याह्यांनी ती तळहातावर घेतली, नीट पाहिली, आणि आपल्या भाषेत लांबलचक काहीतरी सांगितलं. बहुधा बटाट्यावरच्या किडीबद्दल. हे म्हणाले, "हो ना, तेच तर." मग दोघं पुढच्या तासाला, वांग्यांच्या पुढच्या ओळीला गेले. मी मदतीला जायला निघाले होते, ती परत फिरले. माझी तिथे काही गरज नव्हती.

त्याच दिवशी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी वावरात चहा घेतला. तूर पिवळी पडली होती, त्यावर ऊन तिरपं आलं होतं. सूर्य निंबाच्या झाडामागे खाली गेला, मोठा, लाल, कडा गुळगुळीत. व्याही कप हातात धरून तिकडे पाहत होते. ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सूलेग्ला."

मी दचकले. सूल म्हणजे सूर्य, हे मला ठाऊक होतं. आणि पुढे आपला ग्ला. सूर्य आनंदी? मी माझ्या मोडक्या नॉर्वेजियनमध्ये विचारलं, "सूर्य आनंदी आहे?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी त्यांच्या भाषेत बोलले याचंच त्यांना आधी नवल वाटलं असावं. मग त्यांनी मान हलवली, हात पसरून सूर्यासारखा वाटोळा केला आणि सावकाश खाली नेला, जमिनीपर्यंत. सूलेग्ला. सूर्यास्त.

मी कप खाली ठेवून शब्दकोश उघडला.  होतं. सूर्य मावळण्यासाठी तिकडच्या बोलींत एक जुनं क्रियापद आहे आणि त्याचं नातं त्याच जुन्या चकाकणाऱ्या, गुळगुळीत मुळाशी लावलेलं होतं. सूर्य चकाकत खाली घसरतो तो सूलेग्ला. शहरातल्या लोकांच्या तोंडी हा शब्द आता फारसा नाही, जावई म्हणाला. त्यानं स्वतः तो कित्येक वर्षांत वापरला नव्हता. त्याचे बाबा मात्र अजून म्हणतात.

मी व्याह्यांना 'प्रसन्न' समजावून सांगायचा चंग बांधला. मुलीला मधे बसवलं, ग्लासात विहिरीचं पाणी आणून माती ढवळली, ती खाली बसेपर्यंत त्यांना थांबवलं, आणि वरचं नितळ पाणी दाखवून म्हटलं, प्रसन्न. मग स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट केलं आणि म्हटलं, प्रसन्न. त्यांना कळलं. खरंच कळलं. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या त्या मोठ्या कोरड्या चेहऱ्यावर हसू आलं. "प्रसन्न," ते म्हणाले. जोडाक्षर त्यांनी चांगलं उच्चारलं.

हळदीच्या संध्याकाळी मंडपात सगळे नातलग जमले होते. जावई पाटावर बसला होता, दाढीला हळद लागून ती केशरी झाली होती. कोणीतरी म्हणालं, मास्तरीणबाई, तुम्ही जावयाची भाषा शिकल्या म्हणता, बोलून दाखवा. मी एक वाक्य मनात तयार ठेवलं होतं. याय ॲर ग्ला ई दाय. म्हणजे माझा तुझ्यात जीव आहे. मी उठले. तेवढ्यात यांनी मागून माझा पदर ओढला.

"काय म्हणून राह्यली तू?"

मी कानात सांगितलं.

"अन् मी?" ते म्हणाले. "मी बी आहो ना त्याच्यात. दोघायचं म्हण."

दोघांचं म्हणजे अनेकवचन. विशेषण वाकवावं लागणार होतं. मी श्वास घेतला आणि जावयाकडे पाहून म्हणाले, "वी ॲर ग्लादे ई दाय."

मंडपात कोणाला काही कळलं नाही. जावयाला कळलं. त्यानं मान खाली घातली आणि हळद लागलेल्या हातानं डोळे पुसले, मग ते झोंबले म्हणून मुलगी ओला टॉवेल घेऊन धावली. बाया हसू लागल्या. व्याही उठून माझ्याजवळ आले. त्यांनी काहीतरी विचारलं, मला समजलं नाही. मुलीनं सांगितलं, "ते म्हणतात, त्यांच्या गावात या ठिकाणी तो 'ए' बरेच लोक लावत नाहीत. नुसतं ग्ला म्हटलं तरी चालतं. दोन्ही बरोबर आहे."

"त्यांना सांग, चालत असेल," मी म्हणाले. "पण त्या 'ए'मध्ये तुझे बाबा बसले आहेत."

मुलीनं ते सांगितलं. व्याही यांच्याकडे वळले.  मग व्याह्यांनी यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही. हळद लावणाऱ्या बायांनी तसंच दोघांच्याही गालाला हळद फासली. यांनी ती लावून घेतली, एरवी त्यांना असलं चालत नाही.

लग्न नीट पार पडलं. व्याही आणखी चार दिवस राहिले, यांच्यासोबत पहाटे भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात गेले, आणि तिथल्या अडत्यांनी त्यांच्यासोबत इतके फोटो काढले की वांगी विकायला उशीर झाला. मग ते गेले. दुसऱ्या दिवशी जोडपंही गेलं. मंडप उतरला, माझी शाळा पुन्हा सुरू झाली, मी उत्तरपत्रिका तपासायला बसले.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. यांचा पासपोर्ट आला आहे. त्यातला फोटो त्यांना आवडलेला नाही. अधूनमधून संध्याकाळी व्याह्यांचा व्हिडिओ कॉल येतो, आणि मला आतून दोन्ही आवाज ऐकू येतात. दोघंही आपापल्या भाषेत, जरा जोरातच, लांबच्या माणसाशी बोलावं तसं. परवा व्याह्यांनी नुकती व्यालेली मेंढी दाखवली. यांनी मला हाक मारली.

"इकडं ये. मेंढी दूध किती देते ते विचार त्यायले."

दूध कसं म्हणायचं ते मला येत होतं. मेंढीला काय म्हणतात ते येत नव्हतं. पेपर तिथेच टाकून मी शब्दकोश शोधायला धावले, तोवर व्याह्यांनी मेंढीचं तोंड कॅमेऱ्यासमोर आणून धरलं होतं आणि हे तिच्याशी वऱ्हाडीत बोलत होते.